मुद्रेवाचून समुद्र

समुद्र ओलांडू नये, असे आमच्या पणजोबांच्या पिढीस सांगण्यात येत असे. आणि कोणी तो ओलांडलाच, तर परत आल्यावर त्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. म्हणजे प्रवासाचे शुल्क त्या काळी परतल्यावर, आणि तेही आपल्याच जातभाईंच्या दारात, भरावयाचे असे. आता काळ उलटला आहे. शुल्क निघण्यापूर्वी भरावयाचे, परक्याच्या दारात भरावयाचे, आणि दार उघडले नाही तरी ते परत मागावयाचे नाही, असा सांप्रतचा रिवाज आहे. या नव्या रिवाजाची ओळख आमच्या घरास २०२५ च्या उन्हाळ्यात झाली. ती अन्य कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

माढ्याच्या माणसाने आगबोटीवर लिहावे, याचे कोणास हसू येईल. आमचे पाणी म्हणजे उजनीचे, नाही तर पंढरीच्या चंद्रभागेचे. परंतु घरोघरची मुले पुण्यामुंबईस नोकऱ्या करू लागली, कामानिमित्त युरोपअमेरिकेस जाऊन येऊ लागली, आणि आईवडिलांस एकदा तरी परदेश दाखवावा असे त्यांच्या मनाने घेतले. आमच्या पुतण्याचेही तसेच झाले. माझे धाकटे बंधू आणि भावजय यांस गुडघ्यांचा त्रास. रोज नवे हॉटेल, रोज सामानाची बांधाबांध, हे त्यांस झेपणारे नव्हे. तेव्हा आगबोटीचा प्रवास बरा, असा विचार ठरला. तीत खोली एकच राहते, जेवणखाण तेथेच होते, आणि रात्री झोपावे तो सकाळी नवे गाव खिडकीशी येऊन उभे राहते. ग्रीस देशाच्या पिरीअस बंदरातून निघून मिकोनॉस बेट, तेथून तुर्कस्तानचे कुशादासी, पुढे आणखी काही ग्रीक बेटे, सँटोरिनी, आणि परत पिरीअस, अशी सात दिवसांची फेरी निवडण्यात आली. बंधू, भावजय, पुतण्या, सूनबाई आणि पाच वर्षांचा नातू, अशी पाच माणसे श्रावणात निघून गणपतीपूर्वी परत यावयाची होती.

तिकिटांची रक्कम ऐकून घरातील वडील मंडळी गप्प झाली. पण खरा हिशेब त्यानंतरच सुरू झाला. तिकीट हे जहाजात बसण्याचे मोल. जहाजातून उतरण्याचे मोल निराळे. ग्रीस, इटली, फ्रान्स आदी २९ देशांचा मिळून जो शेंगेन संघ आहे, त्याच्या हद्दीत शिरण्यास आपणां भारतीयांस आधी व्हिसा घ्यावा लागतो. त्याचे शुल्क २०२० सालापूर्वी ६० युरो होते. त्या वर्षी ते ८० झाले आणि जून २०२४ पासून ९० झाले आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ते निम्मे, आणि सहा वर्षांखालील मुलांस माफ. नातू त्यामुळे सुटला. उरलेल्या चौघांचे ३६० युरो म्हणजे सुमारे पस्तीस हजार रुपये झाले. अर्ज स्वीकारणाऱ्या कचेरीचे सेवाशुल्क, विम्याचा हप्ता आणि बोटांचे ठसे देण्याकरिता कुर्डुवाडीहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईस जाण्यायेण्याचा खर्च, हा सगळा त्यावर. एकत्र कुटुंबाची गोष्ट ही आहे की, घरात भाजी दहांची चिरली काय अन् बाराची चिरली काय, फार फरक पडत नाही. सरकारी शुल्क मात्र डोकी मोजून घेतात.

व्हिसे आले. पुतण्याने पासपोर्ट माढ्यास आणून देवापुढे ठेविले. पेढे वाटले गेले. आमचा जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे हाती आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचावयाचा, ही खोड लागलेली आहे. चष्मा लावून मी एकेक पासपोर्ट घेऊन बसलो. व्हिसाच्या चिकटपत्रावर नाव, मुदत, राहण्याचे दिवस इत्यादी बाबींबरोबर किती वेळा प्रवेश करता येईल याचाही एक लहानसा रकाना असतो. पुतण्या, सूनबाई आणि नातू यांच्या पत्रांवर त्या रकान्यात अनेक वेळा, अशा अर्थाची चार इंग्रजी अक्षरे होती. बंधू आणि भावजय यांच्या पत्रांवर शून्य आणि एक, असे दोन अंक होते.

मी पुतण्यास विचारले, "अरे, हा एक कसला?"

तो म्हणाला, "अण्णाकाका, ग्रीसमध्ये एकदाच शिरायचे आहे ना? मग एक पुरे."

"आणि तुर्कस्तान?"

तो काही बोलला नाही. त्याने माझ्या हातातून पासपोर्ट घेतला आणि पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत बसला.

वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून थोडे फोड करून सांगतो. तुर्कस्तान हा शेंगेन संघात नाही. अथेन्सच्या विमानतळावर उतरणे हा पहिला प्रवेश. आगबोट कुशादासीस गेली की प्रवासी संघाच्या हद्दीबाहेर पडला; ती पुन्हा ग्रीक बेटावर आली की झाला दुसरा प्रवेश. प्रवाशाच्या मनात सहल एकच असते, खोलीही तीच असते, गादीवरची चादरही तीच असते. पण सरहद्दीच्या दप्तरात तो एकदा बाहेर गेलेला आणि दुसऱ्यांदा आत येऊ पाहणारा मनुष्य ठरतो. यातील मौज अशी की, तुर्कस्तानाने आमच्या मंडळींकडे काहीच मागितलेले नव्हते. आगबोटीने येऊन बंदराचे गाव व आसपासचा मुलूख पाहून बहात्तर तासांच्या आत परत फिरणाऱ्या प्रवाशांस तो देश व्हिसातून सूट देतो. ज्याने दार उघडे ठेवले त्याच्याकडे जाण्यानेच मागचे दार बंद होत होते!

मग चूक कोठे झाली? पुतण्या पूर्वी दोनदा कामानिमित्त जर्मनीस जाऊन आला होता, म्हणून त्यास अनेक प्रवेशांचा व्हिसा सहज मिळाला असेल, असे प्रथम वाटले. एप्रिल २०२४ पासून भारतीयांकरिता तशी सवलत झालेलीही आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरलेल्या माणसास दोन वर्षे मुदतीचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. पण सूनबाई पूर्वी कधी गेलेली नव्हती, तरी तिलाही तो मिळालेला होता. अखेर अर्जांच्या नकला काढून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. अर्जात किती प्रवेश हवेत, असा सरळ प्रश्न असतो. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीतील माणसाने तिघांच्या अर्जांवर अनेक लिहिले होते आणि दोघा वडीलधाऱ्यांच्या अर्जांवर एक. सह्या बंधूंनी आणि भावजयीने केल्या होत्या. वाचले कोणीच नव्हते. त्या कचेरीस विचारता उत्तर मिळाले की, नवा अर्ज करा, नवे शुल्क भरा. मात्र भेटीची तारीख जहाज सुटून गेल्यावरची मिळेल.

जहाजाच्या कंपनीस विनविले तर चालेल, असे कोणास वाटेल. ते चालत नाही, आणि त्याचे कारण आहे. योग्य कागदपत्र नसलेला परकी प्रवासी आणला, तर युरोपातील राज्ये तो आणणाऱ्या कंपनीस दंड करितात. २००१ च्या त्यांच्या नियमाप्रमाणे हा दंड माणशी हजारो युरोंचा आहे. म्हणून सरहद्दीवरील अधिकाऱ्याआधी जहाजाच्या शिडीपाशी उभा असलेला कारकूनच पासपोर्ट तपासतो, आणि शंका आली की चढू देत नाही. तिकिटाचे पैसेही अशा वेळी परत मिळत नाहीत. कागद पुरे करणे ही प्रवाशाची जबाबदारी, असे तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

त्या रात्री आमच्या घरात जेवण कोणास नीट गेले नाही. पुतण्या म्हणे, सगळेच रद्द करू. बंधू म्हणत, तुम्ही तिघे जा, आम्हांला काय, पंढरपूर आहे. भावजय बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग इतकेच म्हणाली की, "सही करताना मी विचारायला हवं होतं, पण पोरगा घाईत होता." या वाक्याने पुतण्या जितका खजील झाला तितका तो कोणाच्या रागाने झाला नसता.

संस्कृताच्या अभ्यासकास अशा वेळी कौटिल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे. देशात येणाऱ्याजाणाऱ्यास त्याने एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. मुद्रेवाचून शिरणाऱ्या वा निघणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास त्याहून जबर, आणि तो परदेशी असेल तर सर्वांत मोठा, असा त्याचा क्रम आहे. ज्याच्यापाशी मुद्रा आहे त्यास ग्रंथकार समुद्र म्हणतो; स म्हणजे सह, मुद्रेसह तो समुद्र. वर्गात हा प्रकरणांश सांगताना मुले हसत, आणि मीही हसे. समुद्रावर जावयाचे तर आधी समुद्र असावे लागते, हा श्लेष आपल्याच घरात एवढा महाग पडेल असे तेव्हा वाटले नव्हते. त्याच ग्रंथात नावांवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणी, ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा जासूद आणि गर्भवती स्त्री यांस त्या अधिकाऱ्याच्या मुद्रेवर नदी ओलांडू द्यावी, असे सांगितले आहे. यांपैकी बालकाची माफी शेंगेनवाल्यांनी ठेविली आहे. ब्राह्मणाची गेली, हे ठीकच झाले. पण वृद्धांची गेली, हे मात्र साठी उलटलेल्या माणसास बोचल्याखेरीज राहत नाही.

मध्यंतरीच्या काळात हे सर्व इतके कडक नव्हते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कास उतरल्या. आजच्यासारखा व्हिसा तेव्हा अमेरिकेत मागत नसत. परंतु प्रवेशाचे शुल्क मात्र होते! आदल्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून परदेशातून जहाजाने येणाऱ्या प्रत्येक परकी उतारूमागे ५० सेंट कर बसविला होता. तो उतारूने हातात द्यावयाचा नसून जहाजाच्या मालकाने भरावयाचा असे, आणि आलेल्या परदेशीयांपैकी निराधारांची व्यवस्था पाहण्याकडे तो खर्च होई. आनंदीबाईंच्या डोक्यामागेही तो अर्धा डॉलर कोणी तरी भरला असणारच. पासपोर्टाची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी १९१८ साली विलायतेस निघाले आणि कोलंबोपर्यंत पोहोचले, तोच त्यांचे परवाने सरकारने रद्द केले. चिरोल खटल्याच्या निमित्ताने त्यांस पुढे त्याच वर्षी जाता आले. आपल्याकडे पासपोर्टाचा कायदा १९२० साली झाला. युद्ध संपले, युद्धासाठी काढलेले कागद मात्र तसेच राहिले.

असो. आमच्या घरातील कोंडी सूनबाईने फोडली. ती म्हणाली, "व्हिसा ग्रीसचा आहे, आणि ग्रीसमध्ये एकदा शिरता येते. मग आईबाबांनी ग्रीसबाहेर पडूच नये. पिरीअसहून सँटोरिनीस त्या लोकांच्या नेहमीच्या प्रवासी बोटी जातात. तेथे पासपोर्टाचा शिक्का लागत नाही. ते त्या बोटीने जातील, आम्ही आमच्या जहाजाने जाऊ, आणि सँटोरिनीवर भेटू." आम्हां वडील माणसांस दोन दिवस विचार करून जे सुचले नाही ते तिला भाकरी थापता थापता सुचले. जहाजाची दोन तिकिटे बुडाली, ती बुडालीच.

त्याप्रमाणे घडले. बंधू आणि भावजय अथेन्सास चार दिवस राहिली. नंतर गावकऱ्यांच्या, मालमोटारींच्या आणि कोंबड्यांच्या टोपल्यांच्या संगतीने सुमारे आठ तासांचा प्रवास करून सँटोरिनीस पोहोचली. तेथे जुन्या बंदरातून पाळण्याने वर येणाऱ्या लोकांत नातू दिसला तेव्हा भावजयीस रडू आले, असे बंधू सांगतात. ती मात्र हे मान्य करीत नाही.

आता या भेटीतील एक तपशील, ज्याकरिता मी लेखणी हाती घेतली असे म्हटले तरी चालेल. ग्रीस सरकारने जुलै २०२५ पासून पर्यटनाच्या आगबोटींतून उतरणाऱ्या प्रवाशांवर कर बसविला आहे. जून ते सप्टेंबर या मोसमात सँटोरिनी आणि मिकोनॉस येथे तो माणशी २० युरो आहे, इतर बंदरांत ५ युरो. हिवाळ्यात तो उतरतो. पुतण्याच्या मंडळींच्या हिशेबात तो जोडलेला होता. बंधू आणि भावजय नेहमीच्या प्रवासी बोटीने आली, म्हणून त्यांस तो द्यावा लागला नाही; त्यांनी रात्री मुक्काम केला त्या खोलीमागे निराळा कर दिला, तेवढाच. एकाच घरची माणसे, एकाच दिवशी, एकाच बेटावर, एकाच उन्हात उभी. निम्म्यांनी पाय ठेवण्याचे पैसे दिलेले आणि निम्म्यांनी नाही!

पुतण्यास हा अन्याय वाटला. मला तसा तो वाटत नाही. सँटोरिनीची वस्ती सुमारे पंधरा हजारांची. त्या बेटावर आगबोटींच्या उतारूंची संख्या दिवसास आठ हजारांवर जाऊ नये, अशी मर्यादा २०२५ साली घालावी लागली. हे उतारू सकाळी येतात, संध्याकाळी जातात. जेवण व झोप जहाजावर. गावाचे पाणी वापरतात, गावाचा रस्ता अडवितात, गावात कचरा टाकतात, आणि गावात राहत मात्र नाहीत. व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत, मुक्काम न करता केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घेण्यास प्रारंभ केला, तो याच कारणाने. मेक्सिकोनेही जुलै २०२५ पासून आगबोटीच्या उतारूंवर ५ डॉलर बसविले असून ते पायरीपायरीने २०२८ पर्यंत २१ करावयाचे ठरविले आहे. आम्ही पंढरपूरच्या शेजारचे लोक. आषाढीस लाखोंचा मेळा उतरला म्हणजे लहान गावाची काय अवस्था होते, ते आम्हांस कोणी सांगावयास नको. ब्रिटिश अमदानीत पंढरपूरच्या नगरपालिकेने यात्रेकरूंवर कर घेतला तो स्वच्छतेकरिता आणि पटकीच्या भयाने. त्या कराचा पैसा त्या गावच्या पाण्यावर आणि गटारांवर खर्च होत असेल, तर वारकऱ्याने कुरकुर करू नये, असेच माझे मत आहे.

परंतु याहून निराळा एक यात्राकर आपल्या देशाने पाहिलेला आहे. प्रयाग, काशी, गया, पुरी येथे तो घेतला जाई, आणि त्याचा यात्रेकरूंच्या सोयीशी संबंध थोडका असे. अकबराने १५६३ साली तो उठविला. पुढे तो पुन्हा आला. शहाजहानाच्या काळी गोदातीरचा एक ऋग्वेदी ब्राह्मण, काशीत राहणारे कवीन्द्राचार्य सरस्वती, बादशहाच्या दरबारी गेले आणि काशी व प्रयाग येथील यात्राकर माफ करवून आले. त्याबद्दल काशीच्या पंडितांनी त्यांस जी संस्कृत मानपत्रे अर्पण केली त्यांचा संग्रह 'कवीन्द्रचन्द्रोदय' या नावाने आहे आणि तो १९३९ साली पुण्यास छापला गेला. एका कराच्या माफीबद्दल एवढी कविता झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुरीचा कर नागपूरकर भोसल्यांच्या अमलातही चालू होता, हे आपण लपवू नये. १८०३ नंतर कंपनी सरकारने तो हाती घेऊन श्रीमंत, मध्यम आणि गरीब यात्रेकरूंच्या पायऱ्या लाविल्या, आणि अखेर १८४० च्या कायद्याने प्रयाग, गया व पुरी येथील यात्राकर रद्द झाला.

माझे म्हणणे इतकेच की, व्हिसाच्या शुल्काची जात या दुसऱ्या कराची आहे. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. एका अंकाच्या चुकीने व्हिसा निरुपयोगी झाला तरी मिळत नाही. आणि त्याचे ओझे कोणावर पडावे, हे पासपोर्टाच्या रंगावर ठरते; त्याच जहाजावर शेजारच्या खोलीत बसलेल्या जपानी किंवा अमेरिकी कुटुंबास ते मुळीच पडत नाही. अर्थात आपलेही हात कोरडे नाहीत. परदेशी प्रवासी मुंबई किंवा मुरगाव बंदरात आगबोटीने उतरतो, तेव्हा आपले सरकारही त्याच्याकडून ई-व्हिसाचे शुल्क घेते, देशोदेशी निराळे घेते, आणि नाकारल्यास परत देत नाही.

ज्या घरात असा बेत चालू असेल त्यांनी प्रथम जहाजाच्या बंदरांची यादी हाती घ्यावी आणि प्रत्येक बंदरापुढे देशाचे नाव लिहावे. जहाज ज्या देशातून निघते त्याच देशात परत येते आणि मध्ये दुसऱ्या देशास शिवते, तेव्हा पहिल्या देशाचा प्रवेश दोनदा मोजला जातो. सिंगापुराहून मलेशिया, थायलंड करून परतणाऱ्या सहलींसही हे लागू आहे. बेटावर उतरावयाचे नसून खोलीतच बसावयाचे आहे, एवढ्याने सुटका होईल असे धरून चालू नये. पासपोर्टाची मुदत परतण्याच्या तारखेपुढे शेंगेन संघास तीन महिने तरी लागते, अन्य पुष्कळ देशांस सहा. एकदा दिलेले बोटांचे ठसे शेंगेनसाठी ५९ महिने चालतात, तेव्हा वृद्धांस पुन्हा मुंबईस नेण्यापूर्वी हे पाहावे. मुंबईहून लक्षद्वीपास जाणाऱ्या आगबोटींत बसावयाचे असले तर तो आपलाच देश आहे म्हणून निश्चिंत राहू नये. १९६७ च्या नियमांप्रमाणे तेथे जावयास भारतीयांसही परवाना लागतो. आणि सही करण्यापूर्वी अर्ज घरातील ज्या कोणास बारीक अक्षरे वाचण्याची खोड असेल त्याच्या हाती द्यावा, मग तो कितीही कंटाळवाणा मनुष्य असो.

जहाजाच्या कंपनीने बंधू आणि भावजय यांच्या तिकिटांतील भाडे ठेवून घेतले. पण जे उतरलेच नाहीत त्यांच्या नावे धरलेले बंदरांचे कर दिवाळीच्या सुमारास परत पाठविले. भावजयीने त्या पैशांतून नातवास एक पृथ्वीचा गोल आणून दिला. कुशादासी कोठे आहे, ते तो आता तिला दाखवितो.